गोष्टीचा खांब कोणता, रंग कोणता? परीकथा लहानांसाठी निवडताना

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच कामाभोवतीचे आहेत: जुनी परीकथा किंवा लोककथा घ्यायची आणि तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी ती नव्याने लिहायची, सांगायची किंवा बसवायची. त्यांपैकी सात प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: चार वर्षांच्या मुलांसाठी एक परीकथा सोपी करून लिहायची आहे. एवढ्या कथांमधून नेमकी कुठली घ्यावी? सगळ्यांना माहीत असलेली घेतली की चुकायची भीती कमी, असं वाटतं. बरोबर आहे का?

नाही. कथा प्रसिद्ध असते ती बहुधा मोठ्यांच्या आठवणीमुळे. ती चार वर्षांच्या मुलाला पेलेल की नाही, हे तिच्या प्रसिद्धीवरून कळत नाही. त्यासाठी दोन कागद घ्या.

पहिल्या कागदावर ती कथा फक्त पाच वाक्यांत लिहा. वर्णन नको, फक्त काय घडतं ते. दुसऱ्या कागदावर मुलांसमोर नको वाटणाऱ्या गोष्टींची यादी करा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. दुसऱ्या कागदावरची एखादी गोष्ट पहिल्या कागदावरच्या पाच वाक्यांतही असेल, तर ती कथेचा खांब आहे. खांब काढला की छप्पर खाली येतं. अशी कथा सोडा, दुसरी घ्या. ती गोष्ट पाच वाक्यांत नसेल, तर तो नुसता रंग आहे. तो खुशाल बदला.

उदाहरणं घेऊ. ‘निद्रिस्त सुंदरी’ची कथा शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये छापली. तिच्या उत्तरार्धात राजपुत्राची आई राक्षसीण निघते आणि नातवंडांना खायला बघते. हे वाचून कुणीही दचकेल. पण जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंची तीच कथा राजकन्या जागी होऊन लग्न लागलं की संपते. म्हणजे राक्षसीण सासू खांब नाही, ती बिनधास्त गाळता येते. याउलट निळ्या दाढीवाल्याची कथा. नवरा एक खोली उघडू नको म्हणतो, बायको ती उघडते. तिथे कुलूपबंद खोलीत काय आहे, हाच सगळ्या कथेचा आधार आहे. खोलीत मारलेल्या बायकांऐवजी दुसरं काही ठेवलं, तर नवऱ्याचा एवढा संताप का, हेच कळेनासं होतं. ही कथा लहानांसाठी कितीही घासली तरी गुळगुळीत होणार नाही.

कागदाच्या कसोटीतून कथा पार पडली की मोजणी करा. चार वर्षांच्या मुलासाठी जागा दोन, फार तर तीन. एका वेळी बोलणारी पात्रं दोन. घटना एका दिवसात किंवा एका फेरफटक्यात संपणाऱ्या. ‘सात वर्षांनी’, ‘इकडे राजवाड्यात मात्र’ असे सांधे आले की या वयाचं मूल हातातून सुटतं, कारण दोन ठिकाणी एकाच वेळी काहीतरी चाललं आहे हे त्याला मनात धरून ठेवावं लागतं. आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं: एकच प्रसंग थोड्याफार फरकाने तीनदा येतो का? तीन अस्वलांच्या गोष्टीत एकच घर, तीन वाडगे, तीन खुर्च्या, तीन पलंग. आपल्या ‘म्हातारी आणि भोपळा’मध्ये एकच रस्ता, जाताना भेटलेलेच प्राणी परतताना पुन्हा भेटतात आणि प्रत्येकाशी तेच बोलणं होतं. असा सांगाडा मिळाला की अर्धं काम झालंच.

सोपी करण्याआधी त्या कथेची निदान तीन कथनं वाचा. जी गोष्ट तिन्हींत आहे ती बहुतेक वेळा खांब असते, एकातच आहे ती बहुतेक वेळा रंग.

प्रश्न: ‘रेड रायडिंग हूड’मधला लांडगा आजीला खातो, हे बदलावं का? काही पुस्तकांत आजी कपाटात लपते. ते बरं वाटतं, पण गोष्ट मिळमिळीत होते.

तुम्हाला मिळमिळीत वाटतं त्याला कारण आहे. आजी कपाटात सुखरूप आहे हे एकदा कळलं की लांडग्याने तिचे कपडे घालून पलंगावर झोपण्यातला धाक निम्मा होतो. तरीही ‘तुझे डोळे केवढे मोठे’ हा मुलीचा आणि आजीच्या वेशातल्या लांडग्याचा सवाल-जवाब तसाच उरतो, आणि या गोष्टीची खरी गोडी त्यातच आहे. त्याला हात लावू नका. क्रमही बदलू नका: कान, डोळे, हात आणि शेवटी तोंड. तोंड मध्येच आलं तर चढण संपते. प्रत्येक जवाब मागच्यापेक्षा किंचित हळू आवाजात आणि शेवटचा एकदम मोठ्याने, एवढं केलं की झालं.

आता खाण्याचं. पेरोच्या १६९७ च्या कथेत लांडगा आजी आणि मुलगी दोघींनाही खातो आणि गोष्ट तिथेच संपते. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या कथेत शिकारी येतो, लांडग्याचं पोट कापतो आणि दोघी जिवंत बाहेर येतात. मग पोटात दगड भरले जातात आणि लांडगा मरतो. लहानांसाठी पेरोचा शेवट बाद. ग्रिमच्या शेवटातला धागा घेता येतो, कारण लांडग्याने त्यांना न चावता, अख्खं गिळलेलं आहे. अख्खं गिळलेलं अख्खं परत येऊ शकतं, हे पाच-सहा वर्षांच्या मुलाला पटतं आणि त्याची मजाही वाटते. ‘फाडलं’, ‘चावलं’, ‘रक्त’ हे शब्द मात्र एकदा आले की परत येणं त्याला पटत नाही. म्हणून शब्द ‘गिळलं’ हाच ठेवा. पोट कापण्याऐवजी ढेकर, शिंक किंवा पाठीत धपाटा देऊनही दोघींना बाहेर काढता येतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी कपाटाचाच मार्ग घ्या. फक्त आजी कपाटात गेली हे आधी सांगू नका. आजी दिसत नाही, एवढंच सांगा आणि शेवटी दार उघडा.

दगडांचा प्रसंग काढा. ती शिक्षा आहे आणि तोवर गोष्ट संपलेली असते. पण ती काढताना एक चूक हटकून होते. लांडगा ‘पळून गेला’ एवढं लिहून लेखक मोकळा होतो. मग रात्री मूल विचारतं, ‘आता कुठे आहे तो?’ शेवटी लांडगा कुठे गेला आणि तो परत का येणार नाही, याचं एक ठोस वाक्य लिहा: नदी ओलांडून, डोंगरापलीकडे, पुन्हा या वाटेला न येण्यासाठी. हे वाक्य म्हणजे दाराची कडी आहे.

प्रश्न: आमच्या वर्गात एका मुलीची आई सावत्र आहे. सावत्र आईच्या गोष्टी टाळाव्यात का? ‘सिंड्रेला’ आणि ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ या दोन्ही मुलांना हव्या आहेत.

‘सावत्र’ हा शब्द यातल्या कित्येक कथांत मागाहून आलेला आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायला लावते ती सख्खी आई आहे. १८४० च्या चौथ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हिमगौरीची राणीही १८१२ मध्ये तिची सख्खी आई होती, १८१९ मध्ये सावत्र झाली. सख्खी आई इतकी क्रूर असू नये म्हणून हा बदल झाला. त्यामुळे तो शब्द काढताना आपण काही पवित्र मोडतो आहोत, असं मानायचं कारण नाही.

‘सिंड्रेला’त तो सहज निघतो. ‘घरातल्या मोठ्या बायका’ किंवा ‘मालकीण आणि तिच्या दोन मुली’ म्हटलं तरी पाचही वाक्यं जागेवर राहतात: काम तिच्यावर, समारंभाला बंदी, मदत, बारा वाजता धाव, बूट. इथे आवृत्तीची निवडही महत्त्वाची. ग्रिमच्या कथेत बूट बसावा म्हणून एक बहीण पायाचं बोट कापते, दुसरी टाच, आणि शेवटी कबुतरं त्यांचे डोळे फोडतात. पेरोच्या कथेत यातलं काही नाही. सिंड्रेला बहिणींना माफ करते. भोपळ्याची गाडी, सहा उंदरांचे सहा घोडे, काचेचे बूट हेही पेरोचंच. लहानांसाठी पेरो घ्या आणि समारंभाच्या दोन रात्रींची एकच करा. वेळेत परत येण्याचा ताण एका रात्रीत पुरेसा उभा राहतो.

‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ची गोष्ट निराळी आहे. तिथे खरी अडचण ‘सावत्र’ या शब्दाची नाही. आईवडील मुलांना ठरवून सोडून देतात, हा तिथला खांब आहे. ‘मुलं वाट चुकली’ असं करून बघितलं, तर घरी परतता यावं म्हणून मुलांनी वाटेत टाकलेल्या खड्यांना अर्थ राहत नाही. वाट चुकणार हे आधीच माहीत नसेल, तर खडे खिशात भरायचे कशाला? सहा वर्षांच्या आत ही कथा घेऊच नका. सात-आठ वर्षांची मुलं ती चांगली पेलतात, कारण दोघं भावंडं आपल्या डोक्याने परत येतात, हे त्यांना दिसतं. त्यातलं जंगलातलं खाऊचं घर एवढंच आवडलं असेल, तर फक्त त्यावर स्वतःची नवी गोष्ट रचा आणि तिला नवं नाव द्या.

प्रश्न: भाषा किती सोपी करावी? ‘आटपाट नगर होतं’ ठेवावं की काढावं?

ठेवा. ‘आटपाट’चा अर्थ मुलाला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. तो शब्द म्हणजे गोष्ट सुरू झाल्याची घंटा आहे. अवघड शब्दांना मुलं भीत नाहीत, ती गुंतागुंतीच्या वाक्यात हरवतात. आणि मराठीत ही गुंतागुंत एका ठराविक जागी होते.

आपलं क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे लेखक क्रियापदाच्या आधी सगळं कोंबत जातो: ‘आजीकडे खाऊ घेऊन निघालेल्या मुलीला झाडाआडून बघणाऱ्या लांडग्याने हाक मारली.’ कोण, कुणाला, काय, हे कळायला मुलाला शेवटच्या शब्दापर्यंत थांबावं लागतं. ते फोडा: ‘मुलगी निघाली. हातात खाऊ. झाडाआड कोण होतं? लांडगा! त्याने हाक मारली.’ मसुदा झाला की ‘-लेल्या’, ‘-णाऱ्या’ आणि ‘जो-तो’ यांच्याखाली रेघ मारत जा. एका वाक्यात दोन रेघा आल्या, तर ते वाक्य तोडायचंच. पाच वर्षांच्या आत एका वाक्यात सहा-सात शब्दांपलीकडे शक्यतो जाऊ नका, पण सगळी वाक्यं तेवढीच आखूडही नकोत. धावण्याच्या प्रसंगात एखादं लांबलचक, ‘आणि... आणि... आणि’ने जोडलेलं वाक्य येऊ द्या. मुलाला त्यात धाप लागलेली ऐकू येते.

पालुपदाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. चार ते आठ शब्द, ठेका असलेले, दर खेपेला अगदी जसेच्या तसे. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ यात बघा: पाचच शब्द, शेवटचे दोन नुसता आवाज, आणि तो आवाजच भोपळ्याची चाल दाखवतो. नवं पालुपद रचताना टुणुक, धपकन, सुळकन, खुडबुड असा एक तरी नादाचा शब्द त्यात हवा, म्हणजे तिसऱ्या खेपेला मुलं तुमच्या आधी तो म्हणतील. पालुपदात वैविध्य आणायचा मोह होतो, तो आवरा. दर वेळी थोडं वेगळं केलं की मुलाला त्यात सामील होता येत नाही.

एक इशारा. परदेशी कथेतल्या वस्तू बदलताना प्रत्येक वस्तू काय काम करते ते बघा. तीन डुकरांच्या गोष्टीतलं धुराडं नुसती सजावट नाही, लांडगा तिथूनच आत येतो. घर बदललं आणि धुराडं गेलं, तर त्याला आत येण्याची दुसरी वाट द्यावी लागेल. तसंच लांडग्याच्या जागी कोल्हा आणला, तर तो लबाडी करेल, पण फुंकरीने घर पाडणारी ताकद त्याच्यात मुलांना दिसणार नाही.

प्रश्न: चित्रपुस्तक करायचं आहे. मजकूर किती असावा आणि पानांत कसा वाटावा?

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छपाईचा कागद घडी घातल्यावर ८ किंवा १६ पानांच्या पटीत येतो. पहिली तीन पानं नाव आणि श्रेयनामावलीला गेली, तर ४-५ पासून ३०-३१ पर्यंत १४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) गोष्टीला मिळतात. ३२ वं पान एका छोट्या चित्राला. मजकूर ४०० ते ६०० शब्द, म्हणजे एका जोडपानावर सरासरी ३० ते ४०. मुलांसमोर थांबत थांबत वाचताना मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे वाचायला चार ते सहा मिनिटं. तीन-चार वर्षांच्या मुलाला तेवढं पुरे.

लिहिण्याआधी आठ कोरे कागद एकात एक घालून मधोमध दुमडा. बत्तीस पानांची वही तयार. त्यात मजकूर पेन्सिलीने वाटा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे तीन सारख्या प्रसंगांना सारखीच पानं देणं. तीन डुकरांची गोष्ट घेतली, तर वाटणी साधारण अशी ठेवा: निरोप १ जोडपान, गवताचं घर ३, काटक्यांचं २, विटांचं घर बांधणं १, फुंकरी ३, धुराडं २, लांडग्याची पळापळ १, शेवट १. दुसरा प्रसंग मुलाला आधीच ठाऊक असतो, म्हणून तो आटोपता. तिसऱ्यात काय होईल हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो ऐसपैस.

पान उलटणं हे तुमचं सर्वांत मोठं साधन आहे. उजव्या पानाची शेवटची ओळ अर्धी सोडा: ‘फुंकर मारली, आणि...’ उत्तर पलीकडच्या पानावर. जे चित्रात दिसतं ते मजकुरातून काढून टाका. ‘लाल रंगाचं छोटंसं कौलारू घर’ हे चित्रकाराचं काम. आवाज, वास, वेळ आणि पात्राच्या मनातलं चित्र दाखवू शकत नाही, तेवढं तुम्ही लिहा.

(जोसेफ जेकब्सच्या १८९० च्या इंग्रजी संग्रहात पहिली दोन डुकरं खाल्ली जातात. ती धावत पुढच्या भावंडाच्या घरी जातात, हा बदल लहानांसाठी चांगलाच आहे. घरातली संख्या वाढत जाते आणि चित्रकारालाही काम मिळतं.)

प्रश्न: जुनी कथा म्हणजे कुणाच्याच मालकीची नाही, असं धरून चालावं का?

कथा कुणाची नाही, पण तिचं एखादं कथन कुणाचं तरी असू शकतं. ग्रिम आणि पेरो यांचे मूळ संग्रह सर्वांसाठी खुले आहेत. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या कथा त्याने स्वतः रचलेल्या असल्या तरी तो १८७५ मध्ये वारला, त्यामुळे त्याही खुल्या. मात्र त्यांचा अलीकडचा अनुवाद खुला नसतो. बहुतेक देशांत लेखकाच्या किंवा अनुवादकाच्या मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षं हक्क टिकतात. म्हणून समोर एकच अनुवाद ठेवून वाक्यं सोपी करत जाऊ नका. जुनी कथनं वाचा, पुस्तकं मिटा आणि पाच वाक्यांच्या कागदावरून लिहा.

चित्रपटातून आलेले तपशील ओळखायला शिका. ग्रिमच्या हिमगौरीतल्या सात बुटक्यांना नावंच नाहीत. आज सर्वांना पाठ असलेली नावं १९३७ च्या डिस्नेच्या चित्रपटातली आहेत. तुमच्या बुटक्यांना तुम्ही नावं द्या. आणि बदल करायला घाबरू नका. तीन अस्वलांच्या घरात शिरणारी व्यक्ती रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने १८३७ मध्ये छापलेल्या गोष्टीत एक म्हातारी होती. ती लहान मुलगी झाली ती नंतर, आणि आज म्हातारी कुणाला आठवतही नाही.

प्रश्न: वीस मुलं आहेत, सगळ्यांना काम हवं. कुठली गोष्ट बसवावी? आणि ती जमली की नाही, हे आधी कसं कळेल?

भलामोठा सलगम उपटण्याची रशियन लोककथा. आजोबा, आजी, नात, कुत्रा, मांजर, उंदीर एकामागोमाग एक येऊन ओढतात. वीस मुलं आहेत म्हणून वीस पात्रांची साखळी करू नका. प्रत्येक खेपेला सगळी नावं पुन्हा म्हणायची असतात. सहा पात्रांत एकूण २१ नावं होतात, बारा केलीत तर ७८, वीस केलीत तर २१०. मुलं सातव्या-आठव्यापाशीच कंटाळतील. साखळी सहाचीच ठेवा, पण आजोबा-आजी सोडून प्रत्येक पात्र तिघा-तिघांना मिळून द्या आणि उरलेल्या सहांचा सलगम करा: खाली बसून, हात गुंफून, ओढलं की डुलणारा. शेवटी सगळ्यात लहान उंदीरच हवा. मुलांच्या हट्टाखातर तिथे हत्ती आणला, तर सलगम निघण्यात नवल उरत नाही.

ओढताना मुलं खरोखर ओढतात आणि मागची मुलं डोकं आपटतात. हात कमरेला नको, पुढच्याच्या खांद्यावर ठेवायचे. सलगम निघाला की मागे पडायचं नाही, जागीच ‘धपकन’ बसायचं. हे पहिल्याच दिवशी चार-पाचदा करून घ्या.

आणि जमली की नाही ते असं बघा. गोष्ट नाटकाआधी एकदा नुसती सांगा. ‘आवडली का?’ विचारू नका, मुलं ‘हो’च म्हणतात. सांगताना मुलं कुठे चुळबुळली, तिथे कागदावर फुली मारा. दोन दिवसांनी एखाद्या मुलाला तीच गोष्ट बाहुलीला सांगायला लावा. त्याने जे गाळलं ते तुम्हीही गाळून बघा, आणि जे त्याने स्वतःच्या पदरचं घातलं ते लिहून घ्या. फुली आणि गाळलेली जागा एकच असेल, तर ती ओळ काढा आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गटाला पुन्हा सांगून बघा.